ब्राउझरच्या पोटातला संगणक

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात माझ्या ओळखीच्या एका लग्नपत्रिकावाल्या काकांच्या दुकानात माळ्यावर एक जुना सीपीयू गोणपाटात गुंडाळून ठेवलेला आहे. विंडोज ९८ चा. आता तो चालत नाही. पॉवर सप्लाय जळाला, मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगले. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो आणि काका दर दिवाळीला नाही म्हणतात. "दहा वर्साच्या पत्रिका हायेत त्याच्यात, बाबू," एवढंच त्यांचं उत्तर.

त्याच दुकानात त्यांची पुतणी बसते. ती डीसीए हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते आहे. एका दुपारी तिने मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एक पान उघडलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली. मेमरी मोजून झाली, फ्लॉपी वाचून झाली आणि कर्सर लुकलुकत उभा राहिला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अवं, हे तं डॉस आहे!" डॉसच होतं ते, फ्रीडॉस नावाचं. पण मोबाइलमध्ये कुणी डॉस बसवलेलं नव्हतं, आणि डॉस ज्या जातीच्या प्रोसेसरवर चालतं त्या जातीचा प्रोसेसरही त्या मोबाइलमध्ये नव्हता. ब्राउझरमध्ये एक प्रोग्राम चालू होता आणि तो अख्ख्या पीसीसारखा वागत होता. अशा प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात.

माळ्यावरच्या डब्यातून हातातल्या मोबाइलपर्यंत रस्ता आहे, हे त्या दुपारी मला दिसलं.

आपल्याकडे त्या उभ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, पण खरा सीपीयू आतली एक चकतीएवढी चिप असते. तिला फार थोडं कळतं. मेमरीतून एक आकडा उचलायचा, त्या आकड्याचा हुकूम काय आहे ते बघायचं, तो पाळायचा आणि पुढचा आकडा उचलायचा. एवढंच ती सेकंदाला लाखो-करोडो वेळा करते. हे जवळून बघण्यासारखं आहे. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपपुढे मेमरीत हे सहा आकडे आहेत असं समजा: १८४, ५, ०, ५, ३, ०.

१८४ चा अर्थ तिच्या भाषेत असा, की पुढे येणाऱ्या दोन आकड्यांची संख्या एएक्स नावाच्या कप्प्यात ठेव. पुढे ५ आणि ० आहेत, म्हणून कप्प्यात ५ गेले. मग पुन्हा ५ आला. पण हा ५ म्हणजे संख्या नाही. हुकमाच्या जागी आलेल्या ५ चा अर्थ, पुढची संख्या एएक्समध्ये मिळव. पुढे ३ आणि ० आहेत. कप्प्यात झाले ८. तोच ५ एकदा माल होता आणि एकदा हुकूम, आणि दोन्हींतला फरक फक्त तो कुठे उभा आहे यात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा संगणकाबद्दलची भीती गेली. आत जादू नव्हती, ओळीने लावलेले आकडे होते.

आता हेच काम चिपऐवजी प्रोग्रामने केलं तर? मोठ्या यादीत आकडे ठेवा, तीच मेमरी. एएक्स, बीएक्स हे कप्पे म्हणजे प्रोग्राममधले साधे व्हेरिएबल. मग एक फेरा लिहा: आकडा उचल; १८४ असेल तर हे कर, ५ असेल तर ते कर. इंटेलने प्रत्येक हुकमाचा अर्थ आपल्या पुस्तिकांमध्ये छापलेला आहे. ती पुस्तिका समोर ठेवून सगळे हुकूम असे लिहून काढले की चिपची जागा प्रोग्रामने घेतली. डॉसला कळायचा मार्गच राहत नाही की खाली सिलिकॉन आहे की जावास्क्रिप्ट. ८ यायला हवे होते आणि ८ आले, त्याला तेवढं पुरतं.

एका यंत्राने दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं सोंग हुबेहूब घ्यावं, ही कल्पना ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच कागदावर सिद्ध केली होती. धंद्यात ती आणली आयबीएमने. १९६४ साली त्यांनी सिस्टिम/३६० ही नवी यंत्रं जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांचे जुन्या १४०१ वरचे प्रोग्राम वाया जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्रांत जुन्याचं सोंग घेण्याची सोय ठेवली. आणि १९७५ साली पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअर संगणकासाठी बेसिक लिहिलं, ते अल्टेअर हाताशी नसताना. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० वर अल्टेअरच्या चिपचं सोंग घेणारा प्रोग्राम केला आणि त्याच्यावर बेसिक घडवलं. खऱ्या अल्टेअरवर ते पहिल्यांदा चाललं ते अल्बुकर्कला, दाखवायला नेलं तेव्हाच. मायक्रोसॉफ्टचं पहिलं सॉफ्टवेअर असं इम्युलेटरच्या आधाराने तयार झालं.

पण चिप म्हणजे पीसी नव्हे. पीसीला पडदा लागतो, कीबोर्ड लागतो, घड्याळ, डिस्क, आवाज लागतो, आणि या सगळ्यांचं सोंग घ्यावं लागतं. पडद्याचं बघा. जुन्या पीसीत मेमरीच्या ७,५३,६६४ व्या घरापासून पुढची ४,००० घरं म्हणजे पडदा. ८० अक्षरांच्या २५ ओळी, प्रत्येक अक्षराला दोन घरं, एकात अक्षर आणि एकात रंग. पहिल्या घरात ६५ टाकला आणि दुसऱ्यात ७, की डावीकडे वर राखाडी रंगात इंग्रजी ‘ए’ दिसतो. इम्युलेटर ही ४,००० घरं पुन्हा पुन्हा वाचतो आणि ब्राउझरच्या पानावर ती अक्षरं काढतो. कीबोर्डचं याच्या उलट. तुम्ही ‘ए’ दाबलात की ब्राउझर इम्युलेटरला सांगतो, इम्युलेटर आतल्या यंत्राला ३० हा आकडा पाठवतो. बोट उचललंत की १५८. आयबीएम पीसीच्या काळापासून त्या बटणाचे हेच आकडे चालत आले आहेत, म्हणून आतल्या डॉसला खरंच बटण दाबल्यासारखं वाटतं.

यंत्र सुरू होण्याची पद्धतही जशीच्या तशी ठेवावी लागते. ८०८६ जागी झाली की सगळ्यात आधी मेमरीच्या १०,४८,५६० व्या घराकडे जाते, एक एमबी संपायला फक्त १६ घरं उरलेली असतात तिथे. तिथून बायोस हा यंत्राला जागं करणारा प्रोग्राम सुरू होतो. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलून ३१,७४४ व्या घरापासून मांडतो, शेवटचे दोन ८५ आणि १७० आहेत का ते बघतो, आणि असले तर ताबा त्यांच्याकडे देतो. काकांच्या दुकानात अक्षरं उमटायच्या आधीचे दोन-तीन सेकंद गेले ते यात.

हे सगळं ब्राउझरमध्ये होऊ शकतं, हे जगाने डोळ्यांनी पाहिलं २०११ साली. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने जेएसलिनक्स प्रसिद्ध केलं. पान उघडायचं, आणि ४८६ जातीचा पीसी तुमच्यासमोर लिनक्स सुरू करतो, सगळं नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये. हा माणूस साधा नाही. व्हिडिओच्या जगात सगळीकडे वापरलं जाणारं एफएफएमपेग त्याने सुरू केलं, क्यूईएमयू हा इम्युलेटर त्याचाच, आणि २००९ साली घरच्या एका पीसीवर पायची सुमारे २.७ लाख कोटी दशांश स्थानं काढून त्याने विक्रम केला होता. पुढे जेफ पार्सन्स यांनी पीसीजेएसमध्ये जुने आयबीएम पीसी उभे केले. फॅबियन हेमर यांच्या व्ही८६ मध्ये विंडोज ९८ सुद्धा चालतं. आणि जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट अर्काइव्हने डॉसचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे मांडले. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की आपण ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’ उघडायचो, त्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

वेगाचा प्रश्न मात्र मोठा होता. एकेक हुकूम वाचून, त्याचा अर्थ बघून तो पाळायचा, यात खूप वेळ जातो. इथे आमच्या घरातलं उदाहरण देतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. त्यामुळे घरात मराठी आणि शाळेत, तहसिलीत हिंदी. आजीला हिंदी वाचता येत नसे. तहसिलीची नोटीस आली की शेजारी बसून एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. एखाद्या नोटिशीला ते चालतं. पण वीज बिलासारखा तोच मजकूर दर महिन्याला येत असेल, तर शहाणा नातू काय करतो? एकदाच तो मराठीत लिहून भिंतीवर चिकटवतो. पुढच्या महिन्यापासून आजी स्वतःच वाचते.

वेगवान इम्युलेटर हेच करतो. कुठल्याही प्रोग्राममध्ये काही थोडे भाग पुन्हा पुन्हा चालतात. तसा भाग सापडला की व्ही८६ त्याचं भाषांतर एकदाच करतो, आणि ज्या भाषेत करतो तिचं नाव वेबअसेंब्ली. ब्राउझर ती भाषा थेट आपल्या चिपच्या हुकमांत उतरवू शकतो. २०१७ साली फायरफॉक्स, क्रोम, सफारी आणि एज या चारही मोठ्या ब्राउझरांमध्ये ती आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने तिला मानक म्हणून मान्यता दिली. ती आल्यावर ब्राउझरमध्ये डॉसच्या पुढे जाऊन जुनी विंडोज वापरण्याजोगी चालू लागली. खऱ्या यंत्राइतकी नाही, आणि व्ही८६ ला ६४ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. पण जुन्या कामाला हे बळ पुरेसं आहे.

याचा एक फायदा आमच्यासारख्या गावांत जास्त कळतो. डीसीए, पीजीडीसीए करणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी एकच लॅपटॉप असतो किंवा तोही नसतो. त्यावर लिनक्स बसवून बघ म्हणायची सोय नाही, बिघडला तर घरचे काय म्हणतील? ब्राउझरमधल्या यंत्रात हवं ते करा. डिस्क फॉरमॅट करा, सिस्टिमच्या फाइली उडवा, व्हायरस सोडून त्याची चाल बघा. सगळं त्या टॅबच्या आत राहतं. आणि आतलं अख्खं यंत्र शेवटी आकड्यांची यादी असल्यामुळे ती यादी फाइल म्हणून जपून ठेवता येते. उद्या उघडली की कर्सर काल जिथे लुकलुकत होता तिथूनच पुढे. शिकणाऱ्याच्या हातात इतकी निर्भयता यापूर्वी कधी नव्हती.

आता काकांच्या डब्याकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

पत्रिकेची फाइल ही उतरंडीतल्या सगळ्यात वरच्या मडक्यासारखी असते. ती पेजमेकर या पानं मांडण्याच्या प्रोग्रामवर उभी. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. त्यानंतर तो विषय संपला. पेजमेकर जुन्या विंडोजवर उभा, आणि विंडोज त्या जळक्या मदरबोर्डवर. खालचं मडकं फुटलं की वरचं शाबूत असून खाली येतं. इम्युलेटर खालचं मडकं नवं देतो आणि उतरंड पुन्हा उभी राहते.

मराठीच्या बाबतीत या उतरंडीत आणखी एक मडकं आहे, आणि ते इंग्रजीवाल्यांना नाही. ते म्हणजे फॉन्ट. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्या आणि टायपिंगची दुकानं वर्षानुवर्षं कृतिदेव या फॉन्टवर चालली, आणि आमच्या मराठी पत्रिकाही त्यातच झाल्या. हिंदी टायपिस्टला ‘ळ’ क्वचित लागतो, आमच्या काकांना ओळीओळीत. कृतिदेवमध्ये तो मोठ्या ‘जी’ वर आहे हे त्यांचं बोट झोपेतही विसरणार नाही. पण फाइलमध्ये ‘ळ’ नसतोच, तिथे ‘जी’ असतो. आमच्या नदीचं नाव घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिच्या पात्रात गोटमार ही दगडफेकीची जत्रा होते ती जाम नदी. कृतिदेवच्या फाइलमध्ये ‘जाम’ म्हणजे टी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं: ११६, १०७, १०१. फॉन्ट असेल तर जाम दिसते, नसेल तर निरर्थक इंग्रजी. म्हणून डिस्क वाचली आणि फॉन्ट हरवला, तर पत्रिका मिळूनही मिळाली नाही.

याच्याही आधीचा काळ आणखी अवघड. डॉसच्या पडद्याला अक्षरांचे २५६ साचे माहीत, त्यात देवनागरी नाही. यावर उपाय निघाला जिस्ट कार्डाचा. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात मोहन तांबे यांनी या तंत्रावर काम केलं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे वाढलं. परम महासंगणकामुळे सी-डॅक सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मते भारतीय भाषांवर जिस्टचे उपकार त्याहून कमी नाहीत. हे कार्ड पीसीच्या आत खाचेत बसवायचं. मग डॉसमधले प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. फाइलमध्ये अक्षरं साठत इस्की या भारतीय मानकाप्रमाणे. इस्कीमध्ये ‘जाम’ म्हणजे १८६, २१८, २०४.

आता अशी फाइल ब्राउझरमधल्या डॉसमध्ये उघडली तर काय दिसेल? साध्या पीसीच्या साच्यांत १८६ म्हणजे दोन उभ्या समांतर रेघा, २१८ म्हणजे चौकटीचा डावा वरचा कोपरा, आणि २०४ म्हणजे दुहेरी रेघांचा सांधा. नदीच्या जागी चौकटीचे तीन तुकडे. प्रोसेसरचं सोंग बिनचूक, डिस्क बिनचूक, फाइल बिनचूक, तरी मराठी दिसत नाही, कारण व्ही८६ मध्ये साउंड ब्लास्टर १६ आहे, नेटवर्क कार्ड आहे, पण जिस्ट कार्ड नाही. कुणीतरी लिहिलेलं असतं तेवढंच यंत्र इम्युलेटरमध्ये असतं. खेळांसाठी आवाजाचं कार्ड लिहायला जगभरातून हात पुढे आले. आपल्या अक्षरांचं कार्ड लिहायला दुसऱ्या कुणी येणार नाही.

तरी इस्कीची फाइल वाचवणं शक्य आहे, आणि त्याचं श्रेय त्या काळच्या शिस्तीला. इस्की छापील मानक होतं, १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून नोंदलं गेलं, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. आज तुमच्या मोबाइलमध्ये ‘जाम’ लिहिलंत की आत २३३२, २३६६, २३५० साठतात. इस्कीच्या ‘ज’ मध्ये आणि युनिकोडच्या ‘ज’ मध्ये २१४६ चा फरक. ‘म’ मध्येही नेमका तेवढाच. ‘आ’ च्या कान्यात दोनने जास्त. हा तक्ता एका कागदावर मावतो. कृतिदेवचे तक्तेही लोकांनी तयार केले आहेत. पण एखाद्या दुकानाने किंवा छोट्या वर्तमानपत्राने वेगळाच फॉन्ट वापरला असेल आणि तो हरवला असेल, तर त्या अक्षरांना वाली नाही.

काकांच्या डिस्कसाठी म्हणून पुतणीने ठरवलेला क्रम मला पटला. डिस्क आयडीई जातीची आहे; तिला यूएसबीला जोडणारं अडॅप्टर लावायचं आणि सगळ्यात आधी तिची इमेज घ्यायची. इमेज म्हणजे पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी नक्कल, रिकामी जागासुद्धा. त्यानंतर मूळ डिस्कला हात लावायचा नाही. इमेज इम्युलेटरला दिली तर आतली विंडोज आपण दुसऱ्याच मदरबोर्डवर आलो म्हणून अडखळेल, नवीन हार्डवेअर सापडलं म्हणेल, कदाचित सुरूही होणार नाही. तसं झालं तर इम्युलेटरमध्ये विंडोज ९८ नव्याने बसवायची (काकांकडे तिची सीडी आणि की अजून आहे), आणि इमेजमधल्या फाइली, पेजमेकर आणि फॉन्ट तिच्यात आणायचे. मग एकेक पत्रिका उघडून पीडीएफ करायची.

दहा वर्षांच्या लग्नपत्रिका कुणाला हव्यात, असं कुणी विचारेल. मला हव्यात. त्यात कुणाच्या गावाचं जुनं नाव आहे, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या शेजारी आलेली हिंदी वाक्यं आहेत, सीमेच्या अलीकडे-पलीकडे जुळलेली सोयरीक आहे, काटोल, वरूड, नरखेडची पाहुणेमंडळी आहेत. पांढुर्णा २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. या जिल्ह्याची मराठी कशी होती हे उद्या कुणाला लिहायचं झालं, तर ते सरकारी दप्तरात फारसं सापडणार नाही, कारण दप्तर हिंदीत आहे. ते सापडेल पत्रिकांत, भजनी मंडळांच्या पत्रकांत, संत्र्याच्या आडतीच्या वह्यांत आणि अशाच माळ्यावरच्या डब्यांत.

तुमच्या घरी, दुकानात, पतसंस्थेत असा डबा असेल, तर भंगारात देण्याआधी चार स्क्रू काढून त्यातली हार्डडिस्क बाहेर घ्या. फ्लॉप्या असतील तर त्या दमट जागी ठेवू नका, बुरशी धरते. इमेज घेणारं कुणी गावात नसेल तर कॉम्प्युटर शिकणाऱ्या एखाद्या मुलाला हाताशी धरा, अडॅप्टर फार महाग मिळत नाही. आणि विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डर आठवणीने त्यासोबत ठेवा.